तेरा, दहा आणि बगळा

पहिला चुकलेला टाका बाजूला तेरा दशांश मिलिमीटर गेला होता आणि वर दहा दशांश. मी तो तीनदा मोजला. माझ्या भिंगाच्या काचेवर बारीक पट्टी कोरलेली आहे आणि कापडाखाली कडक कॅनव्हास होता, म्हणजे कापड ओढलं जाऊन मला फसवण्याची शक्यता कमी होती. त्याच्या आधीचे एकशे सत्तावीस टाके संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांशी जुळत होते. एकशे अठ्ठाविसावा पडद्यावर बाजूला दहा आणि वर चार असा होता. कापडावर तो तेरा आणि दहा निघाला, आणि तिथून पुढे बगळा बिघडला.

बगळा एका पोहण्याच्या क्लबचा. साठ जाकिटांच्या छातीवर तो भरून द्यायचा होता: एका पायावर उभा, मान वळवलेली, एकूण ऐट चांगली. ताईच्या मशीननं भरलेला बगळा गुडघ्यापर्यंत शहाणा असायचा. मग एकदम आडवा व्हायचा, पोटापाशी शुद्धीवर यायचा आणि मानेत पुन्हा घसरायचा. एकदा त्याची चोच पाठीतून निघाली होती.

"हा पिऊन येतो," मावशी म्हणाल्या.

मावशी आमच्यापैकी कोणाच्याच मावशी नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचं भरतकामाचं दुकान आहे आणि तिथे भरून झालेल्या कापडाचे लोंबते दोरे कातरायचं काम त्या चौदा वर्षं करताहेत. दोरे कातरायला डोळे आणि हात लागतात, तोंड मोकळंच राहतं.

"मावशी, हसू नका," ताई म्हणाली. "मिस्त्रींना वाईट वाटतं."

मिस्त्री मशीनच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "हसू द्या, बाई. मी बगळा असतो तर मीही हसलो असतो."

मशीनचं नाव खटखटेबाई. ते मिस्त्रींनीच ठेवलेलं. ती चालू असली की तिच्या पत्र्याला कान लावून ते आत काय चाललंय ते सांगत. सुई बोथट झाली, बॉबिनचा दोरा संपत आला, हे त्यांना ऐकून कळायचं. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत ते वर्षातून दोनदा येत. आता दर गुरुवारी येत होते. आले की हत्यारांची कापडी गुंडाळी उघडायची, तेल घालायचं, दोऱ्याचा ताण बघायचा आणि मशीनच्या पोटातच भरलेला तपासणीचा चौकोन काढून बघायचा. चौकोन प्रत्येक वेळी इतका सरळ यायचा की त्यावर कोनमापक ठेवावा. मग ताई संगणकावर तयार केलेली एखादी नक्षी लावायची. कधी फूल नीट यायचं, कधी पानं भिंतीवर पाल पळावी तशी पळत सुटायची.

पाच महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या होत्या. ताईनं दुकानात संगणक घेतला. मिस्त्रींनी खटखटेबाईचा मुख्य पट्टा बदलला. आणि पट्टा बदलून झाल्यावर, हात पुसता पुसता, मिस्त्रींनी ताईला विचारलं की आपण दोघांनी लग्न केलं तर कसं. ताईचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली आहेत, मिस्त्रींच्या घरी एक कुंडीतलं झाड सोडून कोणी नाही. ताई म्हणाली, "बघू."

त्यानंतर नक्ष्या बिघडायला लागल्या. मिस्त्रींनी साहजिकच पट्ट्याला दोष दिला, म्हणजे स्वतःला. पट्टा त्यांनी दोनदा काढून पुन्हा बसवला, तिसऱ्यांदा नवाच आणला. मी धातू ताणून ते कुठे तुटतात हे मोजायच्या प्रयोगशाळेत काम करते. एका वेळी तीन गोष्टी बदलून चौथीचं कारण शोधणाऱ्याला मी तिथे दारातून परत पाठवलं असतं. पण हे दुकान होतं, माझी बहीण होती, आणि त्या तीन गोष्टींपैकी एकीशी माझा संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तेरा आणि दहा," मी मिस्त्रींना म्हटलं. "पाच तुकडे मोजले मी. कधी तेरा बाजूला आणि दहा वर, कधी तेरा वर आणि पुढच्या टाक्याचा दहा बाजूला. पण बिघाड सुरू होतो तो असाच. आधी तेरा, लगेच दहा."

मिस्त्रींचे डोळे चमकले. "तेरा? तेरा दातांचं चाक असेल. एकेक चाक मोजतो, थांबा."

त्यांनी मागचं झाकण काढलं. आम्ही दोघांनी बॅटरी धरून दात मोजले. अठरा, चोवीस, छत्तीस, चौदा.

"हे चौदाचं आहे," मिस्त्री म्हणाले. "एखादा दात पडला असेल."

एकही पडला नव्हता.

"माझा पडलाय," मावशी म्हणाल्या. "हवा तर लावा."

मिस्त्री हसले, पण हसू फार टिकलं नाही. त्यांनी झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि उभं राहून ताईकडे न बघता म्हणाले, "बाई, एक सांगायचं होतं. भावाचा निरोप आलाय. त्याच्या कुलपांच्या दुकानात माणूस हवाय. एक तारखेला जातो."

"कुठे?" ताई म्हणाली.

"त्याच्या गावी. इथून रात्रभराचा प्रवास आहे." त्यांनी हत्यारं गुंडाळायला घेतली. "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, की दोष समोर आहे आणि मला दिसत नाही. हात गेला माझा. कानही गेला असेल. कुलपं बरी. कुलूप बिघडलं तर माणूस नवीन घेतो, दुरुस्तीला कोणी बोलवत नाही."

ताईनं रिळांचा खण उघडला आणि डावीकडची निळी रिळं उजवीकडे लावली. मग पुन्हा डावीकडे.

मिस्त्री गेल्यावर मी तिला गाठलं.

"अगं, काहीतरी बोल त्यांच्याशी."

"बोललेय मी. बघू म्हटलंय ना."

"पाच महिने झाले त्याला."

"मला घाई जमत नाही."

"हे दुकान घ्यायचं ठरवायला तुला किती वर्षं लागली?"

"चार."

"आणि शटरला रंग कोणता द्यायचा?"

ताईनं बाहेर बघितलं. दुकानाच्या शटरला नऊ वर्षांपूर्वी गंजू नये म्हणून तांबडा हात दिला होता. वरचा रंग अजून यायचा होता. "ते ठरतंय," ती म्हणाली.

"पोरी, तू बगळा बघ," मावशी मला म्हणाल्या. "हिला बघून काही होणार नाही."

मी पेनड्राइव्हवर बगळ्याची फाईल घेतली आणि रविवारी सकाळी घरी, चहाचा कप शेजारी ठेवून, बघायला बसले.

नक्ष्या तयार करायचा प्रोग्राम माझा आहे. विकत मिळणारे ताईला आवडत नव्हते, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी तो माझ्या घरच्या संगणकावर लिहिला. ताई चित्र काढून पाठवायची, मी त्याचे टाके करून द्यायचे. दुकानात संगणक आल्यावर प्रोग्राम तिथे बसवून दिला आणि माझं काम संपलं असं मानून मोकळी झाले. दुकानातल्या पडद्यावर बगळा उघडला की सुरेख दिसायचा. त्यामुळे संशय मशीनवर गेला, मशीनवरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून एका माणसाच्या हातावर.

मी त्याच चित्रावरून घरी नवा बगळा केला. घरच्या फाईलमध्ये आठ हजार चारशे साठ आकडे होते. दुकानातल्या फाईलमध्ये आठ हजार चारशे त्र्याऐंशी. चित्र तेच, प्रोग्राम तोच, आणि तेवीस आकडे जास्त. मी घरच्या फाईलमध्ये दहा हा आकडा किती वेळा येतो ते मोजलं. तेवीस वेळा.

मग मी दुकानातली फाईल उघडून आकडे नुसते एकाखाली एक छापले. प्रत्येक दहाच्या आधी एक तेरा बसला होता. कोणी न बोलावता आलेला, पण अगदी शिस्तीत.

मी मोठ्यानं हसले. चहा सांडला.

त्याचं असं आहे. संगणकाला फाईल म्हणजे आकड्यांची रांग. ती वाचण्याची चिठ्ठी आहे की नुसते आकडे, हे फाईल उघडताना प्रोग्रामनं सांगायचं असतं. त्यासाठी एकच अक्षर जास्त लिहावं लागतं. मी ते लिहिलं नव्हतं. माझ्या घरच्या संगणकाला चिठ्ठी आणि आकडे यांत काही फरक वाटत नाही, त्यामुळे सहा वर्षं माझी चूक सुखानं नांदली. दुकानातला संगणक दुसऱ्या घराण्याचा. त्याला सांगितलं नाही तर तो प्रत्येक फाईल चिठ्ठीच समजतो. चिठ्ठीत दहा म्हणजे ओळ संपल्याची खूण, आणि त्या घराण्यात ओळ संपवायला दोन खुणा लागतात: आधी तेरा, मग दहा. म्हणून जिथे जिथे एक मिलिमीटरचा, म्हणजे दहा दशांशांचा टाका होता, तिथे तो मोठ्या मायेनं अलीकडे एक तेरा ठेवत होता. आणि तीच फाईल माझ्या प्रोग्राममध्ये पुन्हा उघडली की तोच संगणक तितक्याच मायेनं सगळे तेरा काढून घेत होता. पडद्यावर बगळा सरळ दिसायचा तो त्यामुळे.

खटखटेबाई कोणाच्या मायेत नाही. ती समोर येतील ते आकडे जोडीनं घेते, एक बाजूचा आणि एक वरचा. मध्ये एक पाहुणा घुसला की पुढच्या सगळ्या जोड्या मोडतात, बाजूचं वर जातं आणि वरचं बाजूला. दुसरा पाहुणा आला की जोड्या पुन्हा जुळतात. म्हणून बगळा पोटापाशी शुद्धीवर यायचा. ज्या फुलात नेमका दहा नव्हता ते फूल नीट यायचं. आणि मिस्त्रींचा चौकोन मशीनच्या पोटातलाच, त्याचा संगणकाशी संबंधच नव्हता.

चहा पुसता पुसता माझं हसू थांबलं. एक तारीख मंगळवारी होती.

मी ताईला फोन केला. "उद्या सकाळी मिस्त्रींना दुकानात बोलाव."

"कशाला?"

"मशीन बरं आहे हे सांगायला."

"म्हणजे? दुरुस्त झालं?"

"बिघडलंच नव्हतं. दोष माझा आहे. तू बोलाव त्यांना."

"तूच बोलाव ना. तुझा दोष आहे तर."

"ताई."

"बरं," ती म्हणाली. "बोलावते."

सोमवारी मी प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मिस्त्री माझ्या आधी आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची गुंडाळी काखेत. निरोप घ्यायला आलेल्या माणसासारखे ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पट्ट्याचा काही संबंध नाही, चूक माझ्या प्रोग्राममध्ये आहे, पाच महिने तुम्ही एका ठणठणीत मशीनवर उपचार करत होतात.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धाकट्या बाई, तुम्ही फार चांगल्या आहात."

"म्हणजे?"

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय. कळतं मला. पडद्यावर बगळा सरळ आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सरळ चित्र मशीनला दिलं आणि तिनं वाकडं काढलं, तर दोष मशीनचा. मशीन माझ्या ताब्यात होतं."

"बघा," मावशी ताईला म्हणाल्या. "माणूस स्वतःवरचा आळ कोणाला द्यायला तयार नाही."

मी संगणकापुढे बसले. लिहिण्याच्या भागाला हात लावला नाही. फक्त वाचण्याच्या भागात, जिथे प्रोग्राम फाईल उघडतो तिथे, ते राहिलेलं अक्षर घातलं: आकडे आहेत, जसे आहेत तसे दे, मधले काढू नकोस. आणि तीच जुनी फाईल पुन्हा उघडली.

पडद्यावर बगळा गुडघ्यातून आडवा झाला. पोटापाशी सावरला. मानेत घसरला. चोच पाठीतून निघाली.

"अरे देवा," ताई म्हणाली, "आता इथेही बिघडला."

"नाही. आता खरं बोलायला लागला." मी खणातून चोच पाठीतून निघालेला तो तुकडा काढला आणि पडद्याच्या शेजारी धरला. "मिस्त्री, इकडे या. टाका न् टाका जुळवून बघा."

मिस्त्रींनी चष्मा लावला. भिंग घेतलं. ते पायाच्या बोटापासून सुरू करून वर सरकत गेले, एकदा कापड, एकदा पडदा. मधेच मावशी काही बोलणार होत्या, ताईनं त्यांना हातानं थांबवलं. दहा मिनिटं तरी गेली असतील.

"हिनं जे दिलं तेच काढलं," ते शेवटी म्हणाले. "एक टाका इकडचा तिकडे नाही."

"नाही."

"इतकं वेडंवाकडं दिलं, तरी एक टाका चुकली नाही."

"पट्टा उत्तम बसलाय," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "पण एक सांगा. हा तेरा येतो कुठून? ओळ संपवायला दोन खुणा कशाला? एक पुरत नाही?"

"जुनी पद्धत आहे. तेरा म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत जा. दहा म्हणजे एक ओळ खाली ये."

मिस्त्री पुसायचे थांबले. त्यांचा डावा हात आपोआप वर आला, हवेतला एक दांडा त्यांनी बोटांत पकडला आणि डावीकडून उजवीकडे सर्रकन ढकलला. "गाडा मागे," ते म्हणाले, "आणि कागद वर!"

"काय?"

"टाइपरायटर! अहो, पहिली बारा वर्षं मी टाइपरायटरच दुरुस्त केले. ओळ संपली की घंटी वाजते, मग दोन कामं. गाडा मागे न्यायचा आणि कागद एक घर वर सरकवायचा. दांडा एकच, पण कामं दोन. नुसता गाडा मागे नेला तर ओळीवर ओळ बसते. नुसता कागद सरकवला तर ओळ पानाच्या कडेला सुरू होते." ते आता उभेच राहिले होते. "ती मशिनं भंगारात गेली त्याला तीस वर्षं झाली. आणि ह्या डब्यात अजून कोणीतरी बसून दांडा ओढतंय?"

"तसंच काहीसं. तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत."

"आणि ते कुठे ओढतंय, तर बगळ्याच्या गुडघ्यात!" ते हसायला लागले. मी त्यांना पाच महिन्यांत असं हसताना बघितलं नव्हतं. खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मावशींना निम्मं कळलं नव्हतं, पण त्याही हसत होत्या. "माझ्या जुन्या मशिनीनं नव्या मशिनीला टांग मारली, आणि मी इकडे पट्टे बदलतोय!"

मी लिहिण्याच्या भागातही ते अक्षर घातलं आणि बगळा नव्यानं करून दिला. ताईनं कॅनव्हास फ्रेममध्ये ताणला, राखाडी दोरा ओवला आणि कळ दाबली. मिस्त्रींनी खटखटेबाईच्या पत्र्याला कान लावला. सुई बोटांवरून पायावर आली, पायावरून गुडघ्यावर. एकशे अठ्ठाविसावा टाका मी नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकले नसते, पण गुडघा गेला आणि बगळा उभाच होता. पोट. पंख. मान. चोच चोचीच्या जागी.

"छान चाललीय," मिस्त्री पत्र्याला म्हणाले. "ठणठणीत आहेस. मीच तुझ्यावर संशय घेतला."

ताईनं दुसरा तुकडा लावला. खटखट पुन्हा सुरू झाली. मिस्त्रींनी हत्यारांची गुंडाळी उचलली. ती आज उघडलीच नव्हती.

"झालं तर मग. बाई, निर्धास्त मनानं जातो आता. काल रात्री झोप नव्हती. उद्या गाडीत गाढ झोपेन."

ताईनं मान वर केली. "जाता? आता कशाला जाता?"

"भावाला शब्द दिलाय."

"हात गेला म्हणून जात होता ना? हात तर आहे."

"हात आहे." त्यांनी गुंडाळीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "पण आता इथे यायला कारण काय? मशीन ठणठणीत. वर्षातून दोनदा तेल घालायला कोणीही येईल."

"दर गुरुवारी येत होता."

"बिघाड होता म्हणून येत होतो." त्यांनी गुंडाळी काखेत घेतली. "नुसता बिघाड होता म्हणून नाही. पण बाई, पाच महिने झाले. 'बघू'चा अर्थ मला कळतो. मी काही रागावलेलो नाही."

"मी नाही म्हटलं होतं का?"

"हो पण नव्हतं म्हटलं."

मी पडद्याकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मावशींच्या कात्रीचा आवाज थांबला होता. गेल्या चौदा वर्षांत तो अशा वेळी थांबल्याचं मला आठवत नाही.

मिस्त्री दारापर्यंत पोचले. तांबड्या शटरच्या खालून जाताना ते सवयीनं वाकले, कारण ते शटर पुरतं वर जात नाही. त्याची दुरुस्ती करायची की नवं घ्यायचं, हेही ठरायचं होतं.

खटखट थांबली. बगळा अर्धाच झाला होता. ताईनं भरत असताना मशीन मध्येच कधी बंद केलेलं नाही, दोरा तुटला तरच. दुकानात इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या सायकलची घंटी आत ऐकू आली.

"अहो, मिस्त्री," ताई म्हणाली. तिचा हात अजून कळीवरच होता. "बघून झालं माझं. भावाला कळवा, येत नाही म्हणून. आपण लग्न करतोय."